दरवर्षी तेच: पावसाचं पाणी घरात, अंगणात का शिरतं आणि ते कायमचं कसं थांबवायचं

मृगाचा पहिला पाऊस जमीन पिऊन टाकते, तेव्हा काही कळत नाही. जुलैच्या मध्यापासून दोन-तीन दिवसांची झड लागली की लक्षणं दिसू लागतात. सांदवाडीत (परसात) डबकं साचतं आणि उंबरठ्यावरून पाणी आत येतं. भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा ओला होऊन छपाई (प्लास्टर) फुगते, संडासाचा खड्डा भरून वर येतो. मग पोळ्यानंतर मुरमाची एक ट्रॉली टाकली जाते, उंबरठ्यावर विटांचा एक थर चढतो आणि पुढल्या वर्षी पाणी पुन्हा हजर. उपाय चुकतो, कारण पाणी नेमकं कुठून येतं हे न बघताच मिस्त्रीला बोलावलेलं असतं. छताच्या पाण्याचा उपाय नालीच्या पाण्याला चालत नाही. नियमही दोघांना वेगवेगळे लागतात.

आधी पाणी ओळखा

जोराचा पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन बाहेर उभं राहायचं आणि वेळ बघायची. पाऊस सुरू झाल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पाणी साचलं तर ते तुमच्याच छताचं किंवा शेजाऱ्याच्या छताचं. अर्ध्या-पाऊण तासानं आलं, काळं आहे, वास येतो, पन्नी आणि खर्ऱ्याच्या पुड्या तरंगताहेत, तर नाली उलटी आली. मातकट, कुटार-काडीकचरा घेऊन आलेलं आणि पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास येत राहिलेलं पाणी शेतातून किंवा पांदणीतून (शेतरस्त्यातून) उतरलेलं असतं. वर कुठेच पाणी साचलेलं नाही, पण झडीनंतर दोन-तीन दिवसांनी फरशीच्या सांध्यातून ओल चढते, तर ते जमिनीखालून येतं.

पाणी सगळ्यात वर कुठवर चढलं तिथे भिंतीवर गेरूनं किंवा खडूनं रेघ ओढून तारीख लिहा. फोटो काढा आणि फोटोत नाली, रस्ता, उंबरठा एकत्र येऊ द्या. पुढे ग्रामपंचायतीत अर्ज द्यायची वेळ आली तर हाच पुरावा.

दुसरी गोष्ट लेव्हलची. डोळ्यांना दिसणारा उतार हमखास फसवतो. दहा मिलिमीटरची पारदर्शक नळी पन्नास फूट घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक उंबरठ्यावर उभ्या धरलेल्या काठीला, दुसरं नालीच्या तळावर उभ्या केलेल्या काठीला बांधा. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की प्रत्येक काठीवर पाण्याची उंची मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या उंबरठ्यापासून नालीच्या तळापर्यंतची उतरण. अशीच चार ठिकाणं मोजा: घराची फरशी, अंगणाचा सगळ्यात खोल कोपरा, रस्त्याची कड, नालीचा तळ. हे चार आकडे कागदावर आले की निम्मं काम झालं. फरशी नालीच्या तळापेक्षा खाली निघाली तर उतारानं पाणी काढण्याचा विचारच सोडून द्यायचा. त्याचं पुढे येतं.

स्वतःच्या छताचं पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. महसूल खातं एका मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पावसाला अतिवृष्टी धरतं. तेवढा पडला की या एका छतावरून सहा हजार लिटर उतरतं. ट्रॅक्टरमागच्या पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त, आणि ते सगळं जोत्याच्या कडेला.

कवेलूच्या घरात हे पाणी वळचणीभर पागोळ्यांनी पसरून पडायचं, म्हणून जिरायचं. आता स्लॅब झाला, स्लॅबला कोपऱ्यात एकच पाईप ठेवला आणि सहा हजार लिटर एका ठिकाणी येऊ लागलं. बहुतेक घरांत तो पाईपही तीन इंची असतो. तासाला १०० मिलिमीटर वेगाच्या सरीत ७५ मिलिमीटरचा एक उभा पाईप वीसेक चौरस मीटर छत रिकामं करू शकतो, १०० मिलिमीटरचा पाईप सुमारे ४३ चौरस मीटर. म्हणजे हजार फुटांच्या स्लॅबला चार इंची दोन पाईपही थोडे कमीच पडतात; तीन हवेत, तेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. पाईप कमी पडला की पाणी स्लॅबवर तुंबतं, पॅरापेटच्या सांध्यातून भिंतीत उतरतं, आणि ओल खालून येते असं वाटून लोक जोतं खोदत बसतात.

टिनपत्र्याला सहा इंची पन्हळ, दर दहा फुटांना एक इंच उतार, दर तीन फुटांवर पट्टी. पट्ट्या लांब ठेवल्या की पन्हळ मधे लोंबते आणि तिथूनच पाणी भिंतीवर सांडतं.

पाईप खाली कुठे सोडता तेही बघा. भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला पाईप म्हणजे आपणच आपल्या घराच्या पायात पाणी घालणं. घराभोवती अडीच-तीन फूट रुंदीची पट्टी करावी: खाली सहा इंच धुम्मस केलेला मुरूम, वर तीन-चार इंच काँक्रीट, आणि भिंतीपासून बाहेर तीन फुटांत एक इंच उतार. पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यात डांबर भरा. सिमेंटनं भरलेला सांधा काळ्या मातीत एका उन्हाळ्यात फाटतो. माती आकसते, पट्टी खाली बसते, भिंत जागेवर राहते, आणि त्या बोटभर फटीतून पुढल्या पावसात पाणी थेट पायात जातं. डांबराचा सांधा दरवर्षी मे महिन्यात बघून पुन्हा भरायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणून कोणी करत नाही.

शोषखड्डा भरून वाहतो: काळ्या मातीचा प्रश्न

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. सरकारी फलकावर दाखवलेला शोषखड्डा न्हाणीच्या, मोरीच्या रोजच्या पाण्यासाठी असतो; दिवसाला दोन-तीनशे लिटर सांडपाणी जिरवणं एवढंच त्याचं काम. त्यात छताचं पाणी सोडलं की तो पहिल्याच झडीत भरतो. चार बाय चार फूट, सहा फूट खोल खड्डा काढला तर ९६ घनफूट होतात, पण त्यात बोल्डर-गिट्टी भरल्यावर पाण्याला चाळीसेक टक्केच जागा उरते. म्हणजे एका वेळी साधारण अकराशे लिटर, आणि छतावरून येणार सहा हजार.

शिवाय माती. बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा देते, म्हणून लोकांना वाटतं ती पाणी खूप पिते. पहिलं पाणी ती भेगांतून पितेच. पण भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि ती घागरीसारखी पाणी धरून ठेवते. ऑगस्टमध्ये काळ्या मातीतला शोषखड्डा म्हणजे विहीर. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर पाणी जिरण्याची आशाच ठेवू नये. तिथली खारट चिकण माती ओली झाली की पाणी जवळपास सोडतच नाही. तिथे पाणी उघड्या चरातून बाहेर काढणं किंवा टाकीत साठवणं हेच दोन मार्ग.

चाचणी सोपी आहे, पण ती पावसाळ्यातच करा; मे महिन्यातली चाचणी खोटं बोलते. एक फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते पट्टीनं मोजा. तासाला इंचापेक्षा कमी उतरलं तर त्या थरात शोषखड्डा करू नका. दोन-तीन इंच उतरलं तर जमेल.

काळ्या मातीखाली बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो, कुठे चार फुटांवर, कुठे पंधरावर. शेजाऱ्यांची विहीर किंवा संडासाचा खड्डा खोदताना मुरूम किती फुटांवर लागला ते विचारा; गावातला खोदकाम करणारा माणूस हे तोंडपाठ सांगतो. मुरूम जवळ असेल तर खड्डा त्याच्या आत दोन फूट उतरवा. खोल असेल तर खड्ड्याच्या तळातून सहा इंची भोक मुरमापर्यंत आणि मुरमात आणखी तीन-चार फूट न्या, त्यात छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाईप उतरवा आणि पाईपभोवती बारीक गिट्टी भरा. मग खड्ड्यात तळाला दीड-दोन फूट बोल्डर, त्यावर फूटभर ४० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर सहा इंच २० मिलिमीटरची गिट्टी, मग नायलॉनची जाळी आणि वर सहा-नऊ इंच जाडी रेती. वरचा फूट-दीड फूट पाणी उतरायला रिकामा राहू द्या. रेती दर दोन-तीन वर्षांनी वरून काढून धुवायची. जाळी असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचं, नसेल तर सगळा खड्डा उपसावा लागतो.

खड्ड्याआधी दोन बाय दोन बाय दोन फुटांचं गाळाचं चेंबर हवंच. पाणी आत येणारा पाईप वर, बाहेर जाणारा त्याच्याहून दोन इंच खाली, आणि बाहेर जाणाऱ्या पाईपाखाली किमान एक फूट गाळ बसायला जागा. आणि खड्ड्याला सांडवा: वरच्या बाजूला चार इंची पाईप, जो अंगणाच्या नालीत किंवा रस्त्याच्या नालीत जातो. सांडवा नसलेला खड्डा भरल्यावर कुठे वाहील हे तो तुम्हाला विचारून ठरवत नाही.

काय काय बिघडतं? फुटक्या विटा, प्लास्टरचा मलबा टाकून भरलेले खड्डे चुन्या-सिमेंटच्या भुकटीनं दोन पावसाळ्यांत बुजतात. न्हाणीचं साबणाचं पाणी त्याच खड्ड्यात सोडलं तर रेतीवर चिकट थर बसतो. ती दोन पाण्यं वेगळीच ठेवा. भिंतीपासून दहा फुटांच्या आत खड्डा काढला तर माती एका बाजूनं फुगते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. जागा असेल तर पंधरा फूट सोडा, आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून व संडासाच्या खड्ड्यापासून दूर.

पूर्वेकडे, गोंदिया-भंडारा-गडचिरोलीत, जिथे जमीन हलकी आणि रेताड आहे तिथे पाणी जिरतं. पण ऑगस्टमध्ये भूजलच चार-पाच फुटांवर आलेलं असतं. विहिरीतली पातळी बघा. खड्ड्याचा तळ त्या पातळीखाली गेला तर तो जिरवत नाही, उलट झऱ्यासारखा भरतो.

नियम इथे मोजकाच आहे. राज्याची डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली जिथे लागू आहे तिथे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. गावठाणातली बहुतेक घरं यापेक्षा लहान, त्यामुळे सक्ती नाही. पण गावाबाहेरच्या अकृषक लेआउटमध्ये मोठा प्लॉट घेतला असेल तर नकाशा मंजूर करताना हे दाखवावं लागतं. त्याच नियमावलीत नाल्याच्या पाण्याच्या कडेपासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर अंतर सोडायला सांगितलं आहे. लेआउटमध्ये प्लॉट स्वस्त का मिळतोय, हे बऱ्याचदा या नऊ मीटरमध्ये कळतं. घेण्याआधी गावनकाशावर नाल्याची रेघ शोधा. सातबाऱ्यावर नाला दिसत नाही, नकाशावर दिसतो.

रस्ता वर, घर खाली

सिमेंट रोड दर काही वर्षांनी नवा होतो, आणि तो जुन्याच्या डोक्यावर टाकला जातो. एका वेळी सहा ते आठ इंच. दोन रोड झाले की फूट-सव्वा फूट चढला. तीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा दोन फूट उंच बांधलेलं जोतं आज रस्त्याच्या बरोबरीला आलेलं असतं, आणि गल्लीचं सगळं पाणी गेटातून आत वळतं. घर बुडालं नाही, रस्ता वर आला.

हे रोड पडण्याआधीच अडवावं लागतं. काँक्रीट पडल्यावर तक्रारीला काही अर्थ उरत नाही. कामाचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतीत असतं, मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अंदाजपत्रकात तीन गोष्टी बघायच्या: जुना थर खोदून काढण्याची बाब आहे का, नाली आहे का, आणि असल्यास ती कुठे नेऊन सोडली आहे. रस्त्याला मधून दोन्ही कडांकडे पन्नासाला एक उतार हवा, म्हणजे दहा फुटी रोडला मधोमध आणि कडेत सव्वा इंचाचा फरक. ठेकेदार पाटा सरळ ओढतो, मग रोडवरच पाणी उभं राहतं.

नालीचा उतार दोनशेला एक धरला तर शंभर फुटांत सहा इंच उतरण. त्यापेक्षा कमी असेल तर गाळ बसतो. पण खरं दुखणं उताराचं कमी आणि शेवटाचं जास्त असतं. गावातल्या कितीतरी नाल्या कुठल्या तरी घरामागे किंवा कोणाच्या तरी धुऱ्याशी (शेताच्या बांधाशी) येऊन नुसत्या संपतात. पुढे वाट नसलेली नाली भरली की तिचं पाणी मागे चढतं आणि सगळ्यात खालच्या घरात शिरतं. ते घर तुमचं असेल तर घरापुढची नाली कितीही उपसून उपयोग नाही. शेवटापर्यंत चालत जा आणि तिथला फोटो काढा.

आता आपल्याच दारातलं. गाडी आत न्यायला लोक नालीवर रॅम्प घालतात आणि खाली सहा इंची पाईप टाकतात. बारा बाय बारा इंची नालीचं तोंड १४४ चौरस इंच. सहा इंची पाईपचं २८. नालीचा पाचवा हिस्सा उरला. चार इंची टाकला असेल तर अकरावा हिस्साही नाही. त्यात एक पन्नी अडकली की संपलं. दहा घरांनी असं केलं की दहाव्या घराला आपलं पाणी शेजाऱ्यामुळे येतंय असं वाटतं आणि नवव्याला त्याच्या वरच्यामुळे. रॅम्पखाली पाईप घालूच नका. नालीच्या पूर्ण रुंदीवर उचलता येणारा सळईचा ढापा (झाकण) ठेवा, दीड फुटाचे तुकडे करून, प्रत्येकाला दोन कड्या. दोन माणसांना उचलता आला पाहिजे, नाहीतर तोही कोणी उचलणार नाही. पाईपच घालायचा असेल तर किमान बारा इंची सिमेंटचा.

इथे नियम स्पष्ट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नुसार गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावर, जागेवर किंवा तिथल्या उघड्या नालीवर भिंत, ओटा, जोतं, पायरी, कुंपण किंवा दुसरा कुठलाही अडथळा उभा करणं गुन्हा आहे. पंचायत तो काढून टाकू शकते आणि त्याचा खर्च अडथळा करणाऱ्याकडून वसूल करू शकते. पंचायतीनं काहीच केलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते स्वतःहूनही कारवाई करू शकतात. एक सावधगिरी: अर्ज देण्याआधी आपला स्वतःचा ओटा नालीवर आला आहे का ते बघा. पाहणीला आलेला माणूस आधी अर्जदाराच्याच दारात टेप लावतो.

अर्ज कसा द्यायचा? साध्या कागदावर, दोन प्रती. विषयात कलम लिहा. कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत नाली बंद आहे ते फुटांत लिहा. तुमच्या मालमत्तेचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा आणि फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) सही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. महिनाभरात हालचाल नसेल तर त्याच पोचेची प्रत जोडून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. अडथळ्यामुळे सगळ्या वस्तीला त्रास होत असेल, आणि तो सार्वजनिक उपद्रव ठरत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अडथळा हटवण्याचा आदेश मागता येतो. दोन घरांच्या आपसातल्या भांडणाला हे कलम लागत नाही.

नव्या नालीची मागणी मात्र अर्जानं होत नाही, आराखड्यानं होते. पंचायतीचा पुढल्या वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांपासून आकार घेतो. १५ ऑगस्टच्या सभेत गुडघाभर पाण्याचे फोटो दाखवून सगळे ओरडतात, आणि ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावर कोणीच जात नाही. उलट करा. ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सभेत नालीचं काम लांबी-रुंदीसह आणि पाणी कुठे सोडायचं त्या जागेसह ठरावात घ्या. ‘वॉर्डात नाली करणे’ असा मोघम ठराव झाला तर नाली जिथे सोपी पडेल तिथे होते, लागते तिथे नाही.

तोवर घरापुरतं काय? गेटाच्या रेघेवर रस्त्याच्या वरच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच उंच, दोन्ही बाजूंनी उतरता काँक्रीटचा उंचवटा करा. गाडी चढेल, पाणी चढणार नाही. त्याच्या आत नऊ इंच रुंद, नऊ इंच खोल आडवी नाली आणि वर लोखंडी जाळी. पण लक्षात घ्या, बाहेरचं पाणी अडवणारा उंचवटा आतलं पाणीही अडवतो. त्या आडव्या नालीतून बाहेर जाणारा पाईप रस्त्याच्या नालीत तळाशी न सोडता जमेल तितका वर सोडा आणि त्याच्या तोंडाला चार इंची उलट-झडप बसवा, म्हणजे नाली भरली की पाणी पाईपातून घरात येत नाही. झडपेच्या पाकळीत पन्नीचा तुकडा अडकला की ती उघडीच राहते, आणि हे कळतं ते पाणी आत आल्यावर. मृगाआधी एकदा आणि मोठ्या पावसानंतर दर वेळी बोटानं हलवून बघा.

फरशी नालीच्या तळाखालीच गेली असेल तर अंगणाच्या खोल कोपऱ्यात तीन बाय तीन बाय तीन फुटांचा पक्का हौद आणि त्यात फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) अर्धा एचपीचा पंप, एवढाच मार्ग. मोठ्या पावसात लाईट जाणार हे धरूनच चाला. हौद थोडा मोठा करणं किंवा इन्व्हर्टरची सोय हाच त्यावरचा विचार. पुढल्या बांधकामात जोतं कुठे घ्यायचं? आजच्या रस्त्याच्या मधल्या उंचीपेक्षा किमान दोन फूट वर. आजचा रस्ता शेवटचा नाही.

शेजाऱ्याचं पाणी

भांडणाचं मूळ बहुतेक एकाच गैरसमजात असतं: ‘माझ्या जागेतून पाणी जाऊ देणार नाही’ आणि ‘माझं पाणी उताराकडेच जाणार’ हे दोघंही अर्धंच खरं बोलतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ नुसार वरच्या जमिनीवर पडलेलं आणि कुठल्याही ठरावीक वाटेनं न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरू देणं खालच्या मालकाला भाग आहे. म्हणजे उताराकडचा शेजारी सलग भिंत घालून ते अडवू शकत नाही. भिंत घालायचीच तर तळाला पाणी जायला भोकं ठेवावी लागतात, दर सहा-आठ फुटांवर चार इंची. पण हा हक्क नैसर्गिक उतरणीचा आहे. छतावर गोळा करून पाईपानं शेजाऱ्याच्या अंगणात सोडलेल्या पाण्याला तो लागत नाही.

पाईपचा किंवा वळचणीचा हक्क हवा तर कलम १५ नुसार वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता पाणी तिथे पडत आलं पाहिजे. ‘पडू द्या काका, काही हरकत नाही’ म्हणून दिलेली परवानगी यात मोजली जात नाही. आणि वळचणीच्या पागोळ्यांचा जुना हक्क असला तरी कवेलू काढून स्लॅब टाकून तेच पाणी एका पाईपानं ओतायला तो पुरत नाही. बोजा वाढवता येत नाही.

व्यवहारात कोर्टापेक्षा लेव्हलची नळी उपयोगी. दोघांच्या हद्दीवर सामायिक नाली, नऊ इंची, शंभराला एक उतार, खर्च निम्मा-निम्मा, आणि कागदावर दोघांच्या सह्या. हद्द कुठे आहे यावरच वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका बघा. नाली कोणाच्या जागेत हे ठरल्याशिवाय खोदायला लागू नका.

शेतातून, पांदणीतून उतरणारं पाणी

घर गावाच्या कडेला, वर शेत. वरच्या बाजूला, घरापासून दहा-पंधरा फूट सोडून आडवा चर काढा: वर दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दोनशे ते तीनशेला एक उतार. निघालेली माती घराच्या बाजूला टाकून धुरा करा आणि त्यावर गवत किंवा खस लावा. उघडी माती पहिल्याच सरीत चरात परत येते. उतार जास्त ठेवला तर चर खोल खणत जातो, कमी ठेवला तर भरतो. चराचं तोंड नाल्यात न्या, दुसऱ्याच्या अंगणात नको. नैसर्गिक वाट बदलून एका जागी गोळा केलेलं पाणी म्हणजे वर सांगितलेल्या पाईपसारखीच चूक.

शेतकऱ्यानं धुरा वाढवून किंवा नाला बुजवून पाणी अडवलं आणि त्यामुळे दुसऱ्याच्या शेताचं नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा. खरिपात अडवलेल्या पाण्यासाठी पुढल्या पावसाळ्याची वाट बघितली तर मुदत गेली. हे कलम शेतजमिनीचं आहे, गावठाणातल्या घराला ते चालत नाही. तुमच्या घराचं आणि तुमच्याच शेताचं नुकसान एकाच अडथळ्यानं होत असेल तर शेताच्या नावानं अर्ज करा.

पांदण रस्ता नव्यानं भरला असेल तर त्याखाली पाणी आरपार जायला नळ्या आहेत का बघा. नळी नसलेली भरलेली पांदण म्हणजे बंधाराच, आणि त्याची सगळ्यात खालची जागा बहुतेक गावाकडच्या टोकाला असते.

जमिनीखालून चढणारी ओल

वरचं सगळं ठीक आहे आणि तरी फरशीच्या सांध्यातून ओल येते, तर आधी नळाची गळती तपासा: पाणी सोडलेलं नसताना दोन-तीन दिवस ओल कमी होते का. होत नसेल तर घराच्या वरच्या अंगाला, पट्टीपासून पाच-सहा फूट दूर, जोत्याच्या तळापेक्षा खोल चर काढा. त्यात वरून छिद्रं असलेला नव्हे, खालच्या अर्ध्या भागात छिद्रं असलेला चार इंची पाईप, शंभराला एक उतारानं, भोवती २० मिलिमीटरची गिट्टी आणि गिट्टीभोवती जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड. छिद्रं वर ठेवली की पाईप चढत्या पाण्याला उशिरा धरतो आणि गाळानं लवकर भरतो. वर काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. पाईपचं तोंड मोकळ्या जागी उघडं राहिलं पाहिजे आणि त्यावर जाळी हवी, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात आत उंदरांचं घर होतं.

चर झाल्यावर भिंत सुकायला दोन-तीन महिने लागतात. छपाई लगेच नवी करू नका. ओल्या भिंतीवर केलेली छपाई मीठ फुटून पुन्हा गळते. होळीपर्यंत थांबा, मग जुनी फुगलेली छपाई ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून नवी करा.